दोन मंडळ्यांचा सभासद

सोनगीरच्या फाट्यावरून मुंबई-आग्रा महामार्ग दक्षिणेला धुळ्याकडे जातो आणि पुढे नाशिक, मुंबई. दुसरा रस्ता चिमठाणे, दोंडाईचामार्गे नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात उतरतो. खानदेशातल्या बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांचे रविवार या दोन रस्त्यांत वाटले गेले आहेत. सण गावच्या मंडळीत, एरवीची उपासना नोकरीच्या शहरात. आणि कुणी ना कुणी विचारतंच, तुमची खरी मंडळी कोणती? मला हा प्रश्नच मान्य नाही.

श्रद्धा गावात नांदते, शहरात ती फक्त हजेरी लावते, अशी एक गोड समजूत आहे. नवापूरकडच्या एखाद्या छोट्या मंडळीत कापणीचा सण पाहिला की ती पटतेही. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पेटी आणि ढोलकी. लोक तांदूळ, अंडी, एखादी कोंबडी घेऊन येतात आणि उपासना आटोपली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो. एकदा एका दुधीभोपळ्याची बोली बाजारभावाच्या चौपट गेली. घेणाऱ्याने पैसे मोजले आणि भोपळा पुन्हा टेबलावर ठेवून दिला, पुन्हा विका म्हणाला. दान असं हसतखेळत देताना मी शहरात पाहिलेलं नाही.

पण हेच गाव तुमचा हिशेबही ठेवतं. दोन रविवार चुकले की तिसऱ्या दिवशी दारात कुणीतरी उभं. कर्ज, दारू, मुलीचं मोडलेलं लग्न, सगळं प्रार्थनेच्या विषयांत येतं आणि तिथून चावडीवर जातं. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला त्या मायेचं ओझंच होतं. तिला पुण्याच्या मोठ्या देवालयात मागच्या बाकावर बसून, कुणाशी न बोलता प्रभुभोजन घेऊन परतता येतं, यात तुटकपणा आहे असं मी म्हणणार नाही. अनोळखी असण्यातही दया असते.

पुण्याच्या गुरुवार पेठेतलं पंचहौदचं देवालय १८८५ सालचं. त्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतला म्हणून रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांना ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादाला, तोंड द्यावं लागलं होतं. कोण कुणाकडे चहा पितो, हा प्रश्न शहरात आज सुटलाय असं वाटतं खरं, पण नव्या माणसाला आडनाव विचारून झालं की पुढचा प्रश्न येतोच, ‘तुमचं मिशन कोणतं?’ खानदेशात स्वीडिश, नगरला अमेरिकन, आणि मिशनच्या मागे पूर्वीची जात. वेशीबाहेरची वस्ती शहरात अशी बाकांवर येऊन बसते.

नारायण वामन टिळकांना ही घुसमट आधीच कळली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार वाढला नाही. त्यांची भजनं मात्र खेड्यात आणि शहरात सारखीच गायली जातात. अभंगाच्या चालीला मिशनच्या हद्दी कळत नाहीत. तरीही भजनं सारखी आहेत म्हणून भागतं, असं म्हणणं ही पळवाट आहे. अडचण वहीत आहे.

सभासदाचं नाव एकाच मंडळीच्या वहीत राहतं. शहरात नाव घालायचं तर गावाहून दाखला आणावा लागतो आणि तिथलं नाव कटतं. नाव कटलं की पुढे दफनाच्या जागेवरूनही कुरबूर होते. म्हणून माणसं शहरात वर्षानुवर्षं पाहुणी राहतात, वर्गणी गावाला पाठवतात आणि ज्या मंडळीत पोरं रविवारशाळा शिकली तिच्या कारभारात त्यांना शब्द नसतो. उलट दिवाळीनंतर गावची तरणी माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, नाताळात अर्धी मंडळी फडावर, तरी वहीत सगळे हजर.

माझं म्हणणं साधं आहे: नाव दोन्हीकडे असू द्या. दुहेरी मतांची भीती पंचांना वाटेल, आणि ती खोटी नाही. निवडणुकीच्या राजकारणाने आपल्या मंडळ्या पुरेशा पोखरल्या आहेत. तर मताचा हक्क एकीकडेच ठेवा, वर्गणी निम्मी-निम्मी घ्या आणि कबरीची जागा कुठे हवी ते त्या माणसाला जिवंतपणी लिहून देऊ द्या.