दुखणं उलटलं तर...

माझ्या लहानपणी मिरजेला आमच्या शेजारच्या वाड्यातल्या एका मुलाला विषमज्वर झाला होता. ताप उतरला, पोराने वरणभात मागितला, घरात आनंदीआनंद झाला. पंधरा दिवसांनी ताप पुन्हा चढला. "दुखणं उलटलं हो!" असे म्हणून माझी आजी निमूटपणे पुन्हा भाताची पेज करून त्यांच्याकडे पाठवू लागली. पोराचे काही चुकले, त्याची इच्छाशक्ती कमी पडली, असे कुणाच्या मनातही आले नाही. पुढे एम.बी.बी.एस.ला शिकताना कळले, की विषमज्वर असा उलटतो हे पाठ्यपुस्तकातच लिहिलेले आहे.

हाच समंजसपणा आपण मनाच्या दुखण्याच्या बाबतीत का दाखवत नाही, हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे. तो मला केवळ डॉक्टर म्हणून पडलेला नाही.

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी, १९९८ च्या हिवाळ्यात, मला पहिल्यांदा डिप्रेशन आले. औषध घेतले, समुपदेशन झाले आणि वर्षभरात मी पूर्ण बरी झाले. त्यानंतर वीस वर्षे संसार, मुले, प्रॅक्टिस, गणपतीचा नैवेद्य, सगळे उत्तम चालले. "मी त्यातून गेले आहे," असे मी अभिमानाने मनाशी म्हणत असे. २०१९ मध्ये आई गेली, त्याच वर्षी धाकटी कॉलेजला गेली आणि पहाटे साडेतीनला जाग येऊ लागली. छातीत धडधड, घासाला चव नाही, फोन वाजला तरी उचलावासा वाटत नाही. हीच लक्षणे एखाद्या पेशंटने सांगितली असती, तर मी पाच मिनिटांत निदान केले असते. स्वतःचे निदान करायला मला चार महिने लागले. मैत्रिणींना मी पाठदुखीचे कारण सांगितले. परवान्याच्या फॉर्मवर मानसिक आजाराचा प्रश्न असायचा, त्याचीही धास्ती होतीच. (अलीकडे बऱ्याच राज्यांनी तो प्रश्न बदलून, सध्या कामात बाधा येते का, एवढाच ठेवला आहे.) शेवटी यजमानांना सांगितले, तेव्हा त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "पुन्हा?"

त्यात राग नव्हता, भीती होती. पण मला तो आरोपासारखा लागला, कारण तोच आरोप मी स्वतःवर करत होते. पहिल्या वेळी माणूस म्हणतो, मी आजारी आहे. दुसऱ्या वेळी म्हणतो, मी नापास झालो.

त्या दिवसांत मला महाभारतातल्या दोन प्रसंगांची आठवण झाली. अर्जुनाचा विषाद आपल्या सर्वांना पाठ आहे. पण युद्ध संपल्यावर आश्वमेधिक पर्वात तोच अर्जुन श्रीकृष्णाला सांगतो, की तू तेव्हा जे सांगितलेस ते मी विसरलो, पुन्हा सांग. श्रीकृष्ण नाराज होतो, तेच तसेच्या तसे पुन्हा सांगता येणार नाही म्हणतो, पण अर्जुनाला तसाच सोडून देत नाही. जुन्या कथांच्या आधारे निराळ्या रीतीने सांगतो. ती अनुगीता. त्याच पर्वाच्या आरंभी, भीष्मांना जलांजली दिल्यावर धर्मराज गंगेच्या काठी कोसळतो. शांतिपर्वात एवढा उपदेश ऐकूनही शोक पुन्हा उसळलेला! व्यास त्याला आधी खडसावतात, आम्ही सांगितलेले सगळे वाया गेले का, म्हणून. घरोघरी आपण तेच करतो. पण व्यास तिथे थांबत नाहीत. ते त्याच्यापुढे अश्वमेधाचे काम ठेवतात. साक्षात गीता ऐकणाऱ्याला पुन्हा ऐकावी लागली, तर आपण कोण?

आता वैद्यकाचे ऐकू. नैराश्याच्या पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांपैकी निदान निम्म्यांना पुढे कधीतरी दुसरा झटका येतो. २०२१ साली ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. बरे वाटते म्हणून औषध थांबवण्याच्या विचारात असलेले ४७८ रुग्ण तीत होते. औषध हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचे दुखणे वर्षभरात उलटले आणि औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे. म्हणजे औषधाचा उपयोग आहे, पण ते नियमाने घेऊनही दुखणे उलटू शकते आणि बंद करूनही कित्येक जण बरे राहतात. यात शूर कोण आणि भेकड कोण हे ठरवायला जागाच नाही.

मग आपल्याकडे काहीच जबाबदारी उरत नाही का? उरते. दुखणे उलटले हा दोष नाही, पण उलटल्यावर ते लपवणे किंवा सांगणे आपल्या हातात असते. माझ्या पदरचे ते चार महिने वाया गेले, ते आजाराने नव्हे, लाजेने.

म्हणून आता माझ्याकडे एक कागद आहे. बरी असताना लिहिलेला. त्यावर माझी पहिली तीन लक्षणे, मागच्या वेळी लागू पडलेले औषध, डॉक्टरांचा नंबर आणि कुणाला सांगायचे ती दोन नावे आहेत. औषध मनाने बंद करायचे नाही, तपासणीत थायरॉइड आणि बी-१२ही पाहून घ्यायचे, रोज उजेडात अर्धा तास चालायचे, हेही आहे. तो कागद यजमानांनाही ठाऊक आहे. आजारी मन विसरते, म्हणून बऱ्या मनाने लिहून ठेवायचे. तेवढीच आपली अनुगीता.

अगदीच जीव नकोसा झाला, तर इथे २०२२ पासून ९८८ हा नंबर रात्रंदिवस चालू आहे. भारतातल्या आपल्या माणसांसाठी टेलिमानसचा १४४१६ आहे. हे दोन्ही आकडे फ्रिजवर लावून ठेवावेत. लागले नाहीत तर उत्तमच.

आणि घरच्यांसाठी एकच विनंती. आपल्या माणसाने "पुन्हा होतंय" असे सांगितले, तर ते सांगायला त्याला फार बळ लागलेले असते. तेव्हा "पुन्हा?" असे विचारू नये. माझे यजमान त्या रात्री तो शब्द बोलून गेले खरे, पण थोड्या वेळाने उठून स्वयंपाकघरात गेले आणि यूट्यूबवर बघून त्यांनी मऊ भात केला. तळाला लागला होता. पण त्या दिवशी मी चार घास जेवले.