अनुदान आणि नकाराचा हक्क

"शाळेतल्या मुलांचं जेवण एखाद्या धार्मिक संस्थेच्या स्वयंपाकघरातून यायचं, आणि त्याचं धान्य नि पैसा सरकारनं द्यायचा. हे राज्यघटनेत बसतं का, मामा?"

मामांची हयात कोर्टात गेली, आणि मी पोषण आहाराच्या फायली पाहते. त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न नुसता गप्पांचा राहत नाही.

"बसतं," मामा म्हणाले. "अनुच्छेद २७ वाच. ज्या कराचं उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलंय, तो कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. इथं पैसा धर्मासाठी नाही, भातासाठी आहे. मग भात शिजवणारी संस्था मठाची असो, मिशनची असो की दर्ग्याची."

"भातावर वाचलेला पैसा ती देवळाकडे वळवेल."

"तो हिशेबाचा प्रश्न, तपासणीनं सुटतो. आणि आपली घटना तितकी सोवळी नाही. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं २९०क हा अनुच्छेद आला. केरळच्या संचित निधीतून त्रावणकोर देवस्वम निधीला दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये द्यायचे, असा आकडाच घटनेत लिहिलाय. हज अनुदानाविरुद्धची प्रफुल्ल गोरडियांची याचिका २०११ मध्ये न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंच्या खंडपीठानं फेटाळली. एखाद्या कराचा मोठा हिस्सा एका धर्मावर खर्च झाला तर २७ चा भंग, थोडका झाला तर नाही, असं ते म्हणाले."

"हे मला पटत नाही. थोडका म्हणजे किती? तत्त्व मोडलं की मोडलं. त्याला टक्केवारी कसली?"

"मलाही तो निकाल दुबळा वाटतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या खंडपीठानं ते अनुदान दहा वर्षांत संपवायला सांगितलं आणि २०१८ मध्ये ते बंद झालं. पण यात्रेला पैसे देणं वेगळं, पोराला जेवू घालणं वेगळं. यात्रेत धर्म हेच काम असतं. जेवणात काम ऐहिक, करणारा धार्मिक. कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवायला कुणी पुढे येत नव्हतं, तेव्हा मिशनची माणसं आली. त्यांच्या गळ्यात क्रूस आहे म्हणून औषधाचे पैसे नाकारायचे?"

हा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि खोडावासाही वाटत नाही. या देशात सेवेचं फार मोठं काम श्रद्धेपोटी झालंय. माझी अडचण निराळी आहे.

"नाकारू नका. पण कर्नाटकात काय झालं ते बघा. इस्कॉन बेंगळुरूच्या पुढाकारानं २००० साली अक्षयपात्र सुरू झालं. सरकारी धान्य आणि अनुदानाच्या आधारावर ते लाखो मुलांना जेवू घालतं, ही गोष्ट लहान नाही. मात्र जेवणात कांदा-लसूण नाही, कारण त्यांच्या आचारात ते बसत नाही. आहारहक्काच्या कार्यकर्त्यांनी हरकत घेतली. २०१९ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेनं पोषणमूल्य पुरेसं असल्याचं सांगितलं."

"मग झालं की!"

"काय झालं? ज्या घरात लसणाच्या फोडणीशिवाय कालवण होत नाही, त्या घरातली पोरगी ते ताट बाजूला सारून कुठे जाईल? तिला कुणी नामजप करायला लावला नाही, हे खरं. तरीही एका पंथाचा आहारनियम सरकारी खर्चानं तिच्या ताटात आला. अनुच्छेद २७ करदात्याची काळजी करतो. ताटासमोर बसलेल्या पोरीची कोण करतो?"

"अठ्ठाविसाव्याचा तिसरा खंड करतो," मामा सावकाश म्हणाले. "अनुदानित शाळेत प्रार्थना होत असली, तरी विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, त्याला तिथं बसवता येत नाही. नकाराचा हक्क घटनाकारांनी ओळखला होता."

"तो शाळेतल्या धार्मिक शिक्षणापुरता आणि उपासनेपुरता. दवाखाना, अनाथाश्रम, स्वयंपाकघर यांच्यासाठी तसा खंड कुठाय?"

"नाही. अमेरिकेत १९९६ च्या कल्याण कायद्यात अशी तरतूद केली होती. लाभार्थ्याला संस्थेच्या धार्मिक स्वरूपाबद्दल हरकत असेल, तर राज्यानं तितक्याच मोलाची सेवा त्याला दुसरीकडून, वाजवी मुदतीत मिळवून द्यायची. पण मला सांग, संस्थेला जबरदस्तीनं कांदा चिरायला लावलास तर ती आपली राहील का?"

"लावूच नये. २०१५ मध्ये दत्तकविधानाचे नवे नियम आले, एकट्या आणि घटस्फोटित पालकांचाही विचार करणं भाग झालं. मिशनरीज ऑफ चॅरिटीला ते मानवलं नाही, त्यांनी दत्तक केंद्रांची मान्यता सोडली. त्यांनी श्रद्धा राखली, सरकारनं नियम राखला. यात मला कुणाचा अपमान दिसत नाही. पण अशा वेळी मुलांसाठी दुसरं दार उघडं हवं. ते नसेल तर दोष संस्थेचा नाही, आपलं कर्तव्य एकाच दारात टाकून मोकळ्या झालेल्या सरकारचा आहे."

"उद्या प्रत्येक जण आपापल्या पानाचा आग्रह धरेल. सरकारनं खानावळ चालवायची का?"

"आग्रह नाही, मामा. ज्याला जे वर्ज्य, ते त्यानं सोडावं. त्याच्यासाठी दुसऱ्याच्या ताटातून ते काढून घेऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला फळ असं ठरवलं होतं. ते सूत्र बरोबर होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्यांचा निधी काढून घेतला, ते चूक झालं."

"आणि दुसऱ्या स्वयंपाकघराचा खर्च?"

"२८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं जेवण हा मुलांचा हक्क आहे. हक्क म्हटला की खर्च आलाच. शिवाय बचत गटाच्या बायका शाळेतच रांधू शकतात."

खर्चावर मामांचं समाधान झालेलं नाही. माझं मत मात्र ठरलं आहे. धार्मिक संस्थेला सेवेसाठी अनुदान देणं घटनाबाह्य नाही, पण नकार देण्याची सोय न ठेवता दिलेलं अनुदान अन्यायाचं आहे. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. शिक्षणहक्क कायद्यानुसार तिथले तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. आहारपुरवठ्याचा करार वाचायला मागा, आणि पर्यायाचं कलम त्यात आहे का, ते विचारा.