वाट कोणाची?

वारकरी बंधुभगिनींनो, वाट कोणाची, असे कोणी विचारले तर आपण चटकन म्हणू, बांधली सरकारने, तेव्हा सरकारची. परंतु दिवे घाट ध्यानात आणला म्हणजे एवढ्या उत्तराने भागत नाही.

हडपसरकडून सासवडास जाताना लागणारा हा थोड्या किलोमीटरांचा चढ. माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून याच चढाने सोपानकाकांच्या सासवडला जाते. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. पण दिंडीत म्हाताऱ्याला कोणी म्हणत नाही, "तू मागं राहा." तो दमला तर सारी ओळ पाऊल आखडते.

पूर्वी राज्यमार्ग असलेला हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ९६५, म्हणजे संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग झाला आहे. त्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली. पायी चालणाऱ्यांसाठी कडेने निराळी वाट त्यात योजिली, हे उत्तमच झाले. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी पंढरपुराहून आळंदीस निघालेल्या नामदेवरायांच्या दिंडीत याच घाटात खोदकामाचे यंत्र शिरले आणि दोघे वारकरी गेले. ते दुःख विसरण्यासारखे नाही.

आता प्रश्न असा की, कडेला पट्टा आखून दिला म्हणजे धर्म संपला काय? गाडीवाला म्हणेल, "महाराज, आम्हालाही पोट आहे. आजारी माणूस गाडीतूनच न्यावा लागतो." त्याचे म्हणणे खोटे नाही. २०२० च्या महामारीत माउलींच्या पादुकादेखील एस. टी. नेच पंढरीस गेल्या. तेव्हा चाकाला दोष नाही. दोष आहे तो "बाजूला हो" या शब्दात. ज्याच्या हाती बळ अधिक, त्याने आधी थांबावे, हाच वाटेचा धर्म होय.

मात्र हा धर्म दुसऱ्याला सांगून आपण मोकळे होत नाही. एरवी रस्त्यावर आपण दुबळे खरे. पण आषाढात लाखोंच्या संख्येने निघालो की बळ आपल्याकडे येते. गाड्या थांबतात, गावे खोळंबतात. त्या वेळी अडलेल्या रोग्याला आपण वाट देतो का? मुक्काम हलल्यावर शेतकऱ्याच्या बांधावर उष्ट्या पत्रावळी टाकून येतो का? त्या शेतकऱ्याच्या घरच्यांनी काल आपल्याला पाणी पाजले, हे आठवते का? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आपण एकमेकांस 'माउली' म्हणून हाक मारतो. ती हाक दिंडीपुरती नव्हे. समोरून येणारा गाडीवान माउली, बांधावरचा कुणबीही माउली. माउलीला कोणी ढकलून पुढे जाते काय? म्हणून वाट सरकारची नाही, गाडीची नाही आणि आपलीही नाही. तिच्यावर जो सर्वांत दुबळा, त्याची ती आधी. एवढे जपले तर घाट कितीही रुंद होवो, तो पंढरीचाच राहील.

रामकृष्णहरी!