भिक्षान्न आणि नदीचे पाणी



हातकणंगले तालुक्यातील कबनूर या गावी एका वासनिकांच्या घरी निरूपणाचा योग आला होता. विषय आचार प्रकरणातील हिंसानिषेधाचा. निरूपण आटोपल्यावर घरधनी पुढे आले. त्यांचे स्वतःचे यंत्रमाग आहेत. ते म्हणाले, “दंडवत, बाबा. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून आम्ही खाली पाहून चालतो. पण आमच्या सुताला खळ लागते, कापड पुढे रंगायला जाते, तिथले पाणी ओढ्यात आणि ओढा नदीत. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मासे मरून तरंगतात. मी कोरे कापड विणतो, रंगवतो दुसरा, पाणी सोडतो तिसरा. ही हिंसा कोणाच्या नावे?” त्या वेळी मी जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच अपुरे वाटले. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रश्न कबनूरचा आहे, हे विसरून चालणार नाही. शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी संस्थानाधिपती नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने पहिला यंत्रमाग बसविला. त्यावर हजारो कुटुंबांच्या चुली पेटल्या. तो उद्योग निंद्य म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीस जी पंचगंगा होते, ती नृसिंहवाडीस कृष्णेला मिळेपर्यंत शहरांचे मैलापाणी, साखर कारखान्यांची मळी आणि कापड-प्रक्रियेचे रसायन पोटात घेते. इचलकरंजीतील एका ओढ्यास लोकांनी ‘काळा ओढा’ असे नावच दिले आहे. 2012 साली त्या शहरात काविळीची साथ पसरली, पुष्कळ लोक आजारी पडले, काही दगावले. कारण दूषित पाणी हेच होते. म्हणजे प्रश्न केवळ माशांचाही उरलेला नाही.

आता हिंसेचा विचार. पारध्यांनी पाठीस लागलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला व स्वामींनी त्यास अभय दिले, ही लीळा आपल्यातील लहान मुलांनाही ठाऊक असते. ससा निदान पळून आश्रयास येऊ शकला. मासा पाण्याबाहेर येऊन कोणाच्या मांडीखाली शिरणार? पारधी समोर उभा होता, त्यास परावृत्त करता आले. येथे पारधी कोण, हेच दिसत नाही. तो शंभर ठिकाणी वाटला गेला आहे, आणि वाटला गेल्यामुळे कोणाच्याही वाट्यास दोष आला नाही असे प्रत्येकास वाटते. योगशास्त्रानेदेखील हिंसा केलेली, करविलेली आणि अनुमोदिलेली अशी तीन प्रकारची मानली आहे. विणणारा, रंगविणारा, सोडणारा आणि ते कापड अंगावर घालणारा, यांपैकी एकही त्या तिहींबाहेर राहत नाही. आम्हा भिक्षुकांच्या अंगावरचे वस्त्रही रंगविलेलेच असते.

कोणी म्हणेल, प्रपंच अनित्य आहे. नदी आज आहे, उद्या नाही. मुमुक्षूने तिची चिंता का वाहावी? हा युक्तिवाद आपल्या शास्त्रात बसत नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ आपण स्वतंत्र व अनादि मानतो. प्रपंच कार्यरूपाने नाशिवंत असला तरी तो भास नव्हे. जे खरे आहे त्याची नासाडीही खरीच असते, आणि त्या नासाडीने पीडित होणारे जीवही खरेच.

शिवाय एक गोष्ट आमच्या आचाराचीच आहे. भिक्षा मागावी, झोळीत पडेल ते एकत्र करावे आणि पाण्याकाठी जाऊन सेवन करावे, असा जुन्या भिक्षुकांचा परिपाठ. त्यांच्याजवळ घडा नव्हता, साठवण नव्हती. पुढच्या गावची नदी स्वच्छ असेल या भरवशावर त्यांचे अटन चालत असे. आज इचलकरंजीच्या खाली पंचगंगेकाठी झोळी सोडून बसावे आणि ओंजळीने पाणी प्यावे, असे कोणता महंत आपल्या शिष्यास सांगेल? मी सांगणार नाही. नदी नासली तेव्हा आमचा एक आचारही नासला, आणि आम्ही त्याची नोंदसुद्धा घेतली नाही. बाटलीतले पाणी विकत घेऊ लागलो.

म्हणून वासनिकांस आचार सांगण्यापूर्वी आपल्या पंगतीकडे पाहणे बरे. 2018 साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलची ताटे यांवर बंदी घातली. तरीही काही उत्सवांत पंगत उठल्यावर मागे काय उरते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पत्रावळ जनावराच्या मुखी जाते किंवा मातीत मिळते. थर्माकोल ना जनावराचा ना मातीचा. अन्न टाकणे तर आपल्याकडे दोषच. तरी वाढप्यास ‘पुरे’ म्हणण्याचा संकोच अजून सुटत नाही. झोळी हे आपले जुनेच भांडे आहे. ती घेऊन बाजारात जाण्यास लाज कसली? शेतकरी वासनिकांसाठी इतकेच, की शिरोळ तालुक्यात उसास वाजवीपेक्षा जास्त पाणी पाजून जमिनी क्षारपड झाल्या. तहान लागलेल्यास पाणी पाजणे हे पुण्य. तहान नसलेल्या जमिनीस पाजणे हा लोभ. परिग्रह केवळ पेटीत राहत नाही, तो पाटानेही वाहतो.

या साऱ्याने काळा ओढा निवळणार नाही, हे मला समजते. त्यास सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रे हवीत, ती रात्रीसुद्धा चालू हवीत, आणि देखरेख करणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवावयास हवेत. पण ज्याने स्वतःच्या दाराशी काहीच सोडले नाही, तो कारखान्याच्या दारात उभा राहून काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी निघताना ते घरधनी फाट्यापर्यंत पोचवावयास आले. आपले सूत जेथे खळीस जाते त्या सायझिंगचे पाणी नेमके कोठे जाते, हे इतक्या वर्षांत आपण एकदाही विचारले नाही, असे ते म्हणाले. मालकाशी जुने संबंध आहेत, विचारले तर राग येईल, अशीही भीती त्यांनी बोलून दाखविली. तरी विचारतो म्हणाले. त्यांचा निरोप अद्याप आलेला नाही.