बांबूवरचं पोतं

देवरीच्या बसस्थानकावर उतरलेल्या माणसापुढं चार वाटा असतात. मुंबई-कोलकाता महामार्ग गावातून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. त्यावरून पश्चिमेला साकोली आणि पुढं नागपूर, पूर्वेला बाघ नदी ओलांडली की छत्तीसगड. उत्तरेचा रस्ता आमगावला जातो. देवरीला रेल्वे नाही, त्यामुळे गाडी धरायची तर त्याच रस्त्यानं जावं लागतं. दक्षिणेचा रस्ता जंगलातून चिचगडला जातो. उत्तर-दक्षिणेच्या या दोन रस्त्यांवर नोकरी करणाऱ्या एका नवरा-बायकोची ही गोष्ट.

तो महसूल खात्यात कारकून. ती चिचगडला एका संस्थेच्या शाळेत गणित शिकवायची. घरात त्याची आई आणि पहिलीत जाणारी लेक. त्याची बदली आमगावला झाली आणि बिऱ्हाड कुठं करायचं हा प्रश्न उभा राहिला.

अशा जोडप्यांचा विचार शासनानं केलेला नाही असं नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ ला जो शासन निर्णय निघाला, त्यात पती-पत्नींचा वेगळा संवर्ग होता. दोघांच्या नोकरीच्या गावांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असलं, तर बदलीत त्यांना प्राधान्य मिळायचं. या नियमामुळे कितीतरी घरं एकत्र आली, हे मान्य करायलाच हवं. पण बाई संस्थेच्या शाळेतल्या, आणि संस्थेची शाळा एकच. बदली होणार तरी कुठं? तेव्हा नोकऱ्या जिथल्या तिथं राहणार होत्या, हलवायचं होतं ते घर.

एका रविवारी दोघं कागद घेऊन बसले. बाईंनी एक रेघ ओढली. वरच्या टोकाला आमगाव, खालच्या टोकाला चिचगड, मध्ये देवरी. आमगावला घर केलं तर तिला किती पडेल, चिचगडला केलं तर त्याला किती पडेल, देवरीला केलं तर दोघांना किती, असं तिनं मांडलं. मांडून झाल्यावर ती कागदाकडं बघतच राहिली.

"अहो, बेरीज तीच येते."

"म्हणजे?"

"घर या रेघेवर कुठंही ठेवा, तुमचं आणि माझं मिळून अंतर तेवढंच. तुमचं कमी झालं तेवढं माझं वाढतं."

गणित अचूक होतं. नोकऱ्या दोन टोकांना असल्या की मधल्या वाटेवर घर कुठंही घ्या, दोघांच्या मिळून प्रवासातला एक किलोमीटरही वाचत नाही. पुण्यात एकाची कंपनी हिंजवडीला आणि दुसरीची खराडीला असलेली जोडपी रोज हेच गणित घेऊन घरं शोधत फिरतात. दलाल त्यांना 'दोघांनाही जवळ' असं घर दाखवतो. तसं घर नसतंच.

तो मनानं चांगला होता. म्हणाला, "मग चिचगडलाच राहू. तुला प्रवास नको. मी जाईन."

चिचगडला शाळेपासून हाकेच्या अंतरावर घर मिळालं. नात्यात, शाळेत सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. बायकोसाठी कोण एवढं करतो? तो पहाटे निघायचा, देवरीला बस बदलून आमगाव गाठायचा आणि दिवेलागणीनंतर परतायचा. आल्यावर पायांतले बूट काढायचंही त्राण त्याच्यात नसायचं. आई म्हणायची, "दमून आलाय, त्याला आधी पाणी दे."

बाई मात्र दमत नाहीत असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्या कुठं लांब जात होत्या? सिलेंडरवाला आला, त्या जवळ होत्या. आईच्या गुडघ्यांना सूज आली, त्या जवळ होत्या. लेकीला ताप आला, विजेचं बिल भरायचं राहिलं, पाहुणे आले, नळ सुटला, सगळ्याला त्या जवळ होत्या. मधल्या सुट्टीत इतर शिक्षिका डबा उघडायच्या तेव्हा त्या घराकडं पळायच्या. सासूबाईंची गोळी द्यायची, कुकर चढवायचा, दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून तशाच परत. दुसऱ्या तासाचा खडू बोटांवर असायचा आणि त्यावरच डाळीचं पाणी उडालेलं असायचं. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा उघडायला रात्रीचे दहा वाजायचे. त्या काही बोलल्या की उत्तर ठरलेलं, "तो बिचारा एवढा प्रवास करतो, तू तर घराजवळच आहेस."

इथं त्याला वाईट ठरवून चालणार नाही. त्याचा थकवा खरा होता आणि डोळ्यांना दिसत होता. तिचा थकवाही तितकाच खरा होता, पण त्याच्यासारखं तिकीट फाडलं जात नव्हतं, म्हणून तो कुणाच्या मोजणीत येत नव्हता.

वर्ष गेलं. एक दिवस ती म्हणाली, "मला चालत जायची शाळा नको. बस धरायची शाळा हवी."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं वाद घातला नाही, हे त्याच्या पदरात टाकायला हवं. त्यांनी बिऱ्हाड आमगावला हलवलं.

आता तो कचेरीपासून जवळ आणि ती लांब. पहाटेची बस तिची, देवरीला बस बदलणं तिचं, पावसाळ्यात संध्याकाळच्या अंधारात जंगलातून परतणंही तिचं. जवळ राहणाऱ्यानं घर सांभाळायचं, या हिशेबानं आता घर त्याच्याकडं यायला हवं होतं. काही आलंही. सिलेंडर तो लावू लागला, लेकीला शाळेत सोडू लागला. पण बाकीचं घर वाटेतच अडकून पडलं. हळदीचा डबा कुठंय, हे विचारायला तिच्या तासाला फोन यायचा. आईची औषधं संपली की तो ती येईपर्यंत थांबायचा, कारण चिठ्ठी तिच्याकडं. भाजी आणून ठेवलेली असायची, निवडलेली नसायची. शेजारीण लेकीची वेणी घालून द्यायची आणि संध्याकाळी तो उपकारही बाईंनाच फेडावा लागायचा. रविवार उजाडला की आठवडाभराचं तुंबलेलं काम दारात बसलेलं असायचं, तिची वाट बघत. आता प्रवासही तिचा आणि घरही तिचंच. वर लोक म्हणायचे, "बायको एवढी फिरते अन् नवरा पोळ्या लाटतो." तो पोळ्या लाटत होता तेही आठवड्यातून एखाद्या वेळी.

मार्च संपत आला होता. दहावीच्या पेपरांमुळे तिला शाळेतून निघायला उशीर झाला आणि देवरीहून आमगावला जाणारी बस चुकली. तिनं फोन केला. तो मोटारसायकल घेऊन देवरीला आला. दोघं महामार्गाच्या कडेला चहा घेत उभे होते. दोघांच्याही मनात एकच होतं की हे असं चालायचं नाही, पण पुढं काय, ते कुणालाच सुचत नव्हतं.

तेवढ्यात खालच्या पायवाटेनं एक म्हातारा आणि म्हातारी आली. मोहफुलांचे दिवस. पहाटे झाडाखाली वेचलेली, अंगणात वाळवलेली फुलं पोत्यात भरून व्यापाऱ्याकडं न्यायची. पोतं बांबूला टांगलेलं, बांबूचं एक टोक म्हाताऱ्याच्या खांद्यावर, दुसरं म्हातारीच्या. सपाटीवर पोतं बरोबर मधोमध होतं. रस्त्याचा भराव चढायला लागले तसं ते दोरासकट मागं सरकायला लागलं. म्हातारी मागं होती, म्हणजे खालच्या बाजूला. तिचा खांदा वाकला. तिनं "ओ" एवढंच म्हटलं.

म्हातारा थांबला. दोघांनी पोतं खाली टेकवलं. त्यानं दोर सोडला, आपल्या बाजूला वीतभर अंतरावर घेतला, बांबूच्या पेऱ्याला दोन वेढे देऊन आवळला आणि ओढून पाहिला. मग उचललं. आता बहुतेक वजन त्याच्या खांद्यावर होतं. वर आल्यावर पुन्हा टेकवलं आणि दोर सोडून पोतं मधोमध घेतलं.

नवऱ्याला राहवलं नाही. त्यानं विचारलं, "बाबाजी, एकदाच बांधून का ठेवत नाही? दर वेळी सोडायचं, बांधायचं."

म्हातारा म्हणाला, "सपाटीवर मंधात पाह्यजे जी. चढावर मंधात ठेवलं तं ते खाली सरकते. जो खाली, त्याच्यावर येते. आपोआप. कोनी टाकत नाही त्याच्यावर, तरी येते. म्हनून बांधा लागते."

"आणि नाही बांधलं तर?"

उत्तर म्हातारीनं दिलं. "तं मले बोला लागते. सांगितल्याबिगर याले समजत नाही जी, याच्या पाठीमांगं असते ना पोतं."

म्हातारा हसला, त्यानं मान डोलावली आणि दोघं बाजाराकडं गेली.

परतीच्या वाटेवर मोटारसायकल थांबवून त्यानं विचारलं, "घरातलं पोतं तुझ्याकडं सरकतंय आणि मला दिसत नाही, असंच ना?"

ती म्हणाली, "चिचगडला घर माझ्याजवळ होतं, म्हणून वजन माझ्यावर आलं. ते समजू शकते. पण आमगावला घर तुमच्याजवळ आहे, तरी ते माझ्याकडंच येतं. म्हणजे नुसतं घर कुठं ठेवायचं हा प्रश्न नाही. ते बांधून ठेवायला हवं. कुठलं काम कुणाचं, ते नावानिशी. आणि चढ आला की सोडून पुन्हा बांधायचं."

मग त्यांनी देवरीत घर शोधलं. या वेळी किलोमीटर मोजले नाहीत, ती बेरीज आधीच झाली होती. महामार्गाला लागून एक चांगलं घर होतं, पण रात्रभर ट्रक. आमगाव रस्त्याकडं नव्या वस्तीत त्याहून मोठं घर होतं. त्याला ते आवडलं होतं. ती म्हणाली, "तिथं अंधार पडल्यावर स्थानकावरून एकटीनं चालत या, मग सांगा." तो गेला, चालला आणि परत येऊन नको म्हणाला. शेवटी चिचगड रस्त्याच्या बाजूला, आतल्या गल्लीतल्या दोन खोल्या घेतल्या. तिथून बसस्थानक चालत जाण्यासारखं होतं, आईला ग्रामीण रुग्णालय रिक्षानं जवळ होतं आणि लेकीची शाळा वाटेत होती. दोघांनाही आता मध्ये बस बदलावी लागत नव्हती. खोल्या लहान होत्या. पण पाळी वाटून घेता येईल असं घर तेवढं एकच होतं.

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी कामं लिहिली. सिलेंडर, आईची औषधं आणि दवाखाना त्याच्याकडं, चिठ्ठीसकट. सकाळचा डबा आणि लेकीची तयारी तिच्याकडं. संध्याकाळी जो आधी येईल त्यानं कुकर लावायचा, दुसऱ्याची वाट बघायची नाही. भाजी आणणाऱ्यानंच ती निवडायची. आईंनीही आपलं एक काम मागून घेतलं. लेक शाळेतून आली की तिचं दप्तर आणि खाणं त्यांच्याकडं.

याचा अर्थ सगळं सुरळीत झालं असा नाही. पुढच्या मार्चला इकडं तिची दहावी आणि तिकडं त्याची वसुलीची मार्चअखेर एकदमच आली. दोघंही चढावर, आणि दोघंही आपल्यालाच खालचं टोक आलंय असं म्हणत होते. चार दिवस अबोला झाला. मग ती दिनदर्शिका काढून बसली. महिनाभरासाठी आईच्या बहिणीला बोलवून घेतलं आणि सांजचा स्वयंपाक तिच्याकडं दिला. निवडणुकीच्या काळात त्याला रात्री-बेरात्री कचेरीत थांबावं लागलं, तेव्हा त्याची कामं तिनं घेतली. निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं ती परत घेतली, तिनं आठवण करून द्यायच्या आधी. मला या गोष्टीत सगळ्यांत मोठी वाटते ती हीच दुसऱ्या दिवसाची नोंद. चढावर वजन घेणारे पुष्कळ भेटतात. सपाटी आली की दोर सोडून पोतं पुन्हा मध्ये आणणारे कमी असतात.

दोघं अजून देवरीतच आहेत. तो उत्तरेची बस धरतो, ती दक्षिणेची.

तुम्हीही दोन टोकांच्या नोकऱ्या घेऊन घर शोधत असाल, तर एवढी विनंती आहे. घरमालकाच्या हातात आगाऊ भाडं ठेवण्याआधी एका संध्याकाळी सगळे मिळून बसा. सिलेंडर, औषधं, शाळेची सभा, पाहुणे, आजारपण, सगळं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढं नाव घाला. मग तो कागद घरातलं जे माणूस सगळ्यांत कमी बोलतं, त्याला आधी वाचायला द्या, आणि त्यानं काही खोडलं तर का खोडलं ते विचारा.