वीट हातात घेण्याआधी

हे मनन शिबिराला निघण्याच्या आदल्या रात्री करायचं. पिशवी भरून झाली आहे. ताट, वाटी आणि चादर वर ठेवली आहे. सकाळी पनवेल एसटी स्टँडवर किती वाजता जमायचं, ते दोनदा विचारून झालं आहे. तुम्ही वाशी, नेरूळ किंवा खारघरच्या कॉलेजात शिकता. एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर आहे. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गाणी. यंदाचं श्रमदान म्हणजे पनवेल तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर घर बांधायला हात लावणं. शिबिराला जाणार नसाल, तरी बसा. वीट सगळ्यांच्याच भिंतीत असते.

दिवा मालवायची गरज नाही. भिंतीला टेकून बसा. पाठीमागे भिंत आहे, हे आज पाठीला कळू द्या. तिचा गारवा जाणवेल, मग हळूहळू तिथे तुमचीच ऊब जमेल. श्वास आहे तसा राहू द्या.

आता दोन्ही तळहात समोर धरा आणि नीट पाहा. उद्या दुपारपर्यंत अंगठ्याच्या बुडाशी एक फोड येईल. त्या फोडाचा आत्ताच थोडा अभिमान वाटतो आहे का? वाटत असेल तर हाकलू नका. फक्त चेहरा ओळखून ठेवा. सात दिवसांत तो पुन्हा भेटणार आहे.

या तळहातांच्या मागे एक परंपरा आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे तुमची एनएसएस, सुरू झाली. त्याच सुमारास बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांना उन्हाळी श्रमछावणीसाठी बोलावायला सुरुवात केली. आणि त्याच्याही कितीतरी आधी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत खेड्यातली पोरं कष्ट करून शिकत होती. ‘कमवा आणि शिका’ हे तिथे भिंतीवर लिहायचं वाक्य नव्हतं, रोजचा दिनक्रम होता. वाशीत आज कर्मवीरांच्या नावाचं कॉलेज आहे.

पण एक फरक ध्यानात घ्या. रयतेतली पोरं ओझं उचलत होती ती स्वतःच्या शिक्षणासाठी. तुम्ही उद्या उचलणार ते दुसऱ्याच्या छपरासाठी. घमेलं तेच, वजनही तेच. त्यांना कुणी धन्यवाद म्हणत नव्हतं आणि त्यांची तशी अपेक्षाही नव्हती. तुम्हाला समारोपाच्या दिवशी टाळ्या मिळतील. या फरकापाशी थोडं थांबा. अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. नुसतं पाहायचं.

एक लांब श्वास घ्या आणि सोडा.

आता डोळे मिटा. तुमच्या हातात एक वीट आहे. लाल, खरखरीत, अडीच-तीन किलोची. ती उलटी करा. मधल्या खोलगट भागात दोन-तीन अक्षरं उठलेली दिसतील. ती भट्टीमालकाच्या नावाची. आता कडेवरून बोट फिरवा. एखाद्या विटेच्या अंगावर अस्पष्ट खळगे लागतात. ओली वीट साच्यातून काढताना कुणाची तरी बोटं तिथे रुतली होती. अक्षरं मालकाची, ठसे मजुराचे. भट्टीत दोन्ही सारखीच पक्की झाली.

ती बोटं कुणाची असतील? रायगड आणि ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या कातकरी कुटुंबं राबत आली आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल हातातून गेलं, कात गेला, नाव तेवढं उरलं. पावसाळ्याच्या तोंडाशी घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घ्यायची. दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टी गाठायची. माती भिजवायची, तुडवायची, थापायची, वाळवायची, रचायची. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने, आणि त्यातून आधी उचल फिटायची. पोरं बरोबरच असतात, म्हणून शाळा सुटते. पाऊस आला की परत वाडीवर. वाडीवरचं घर कारवीच्या कुडाचं, वरून शेणमातीने सारवलेलं. ज्यांनी विटा पाडल्या, त्यांच्या भिंतीत वीट नाही.

ही वीट हातात धरून बसा. घाई करू नका.

आता कॅलेंडर आठवा. तुमचं शिबिर बहुतेक डिसेंबर-जानेवारीत असतं, कारण तेव्हा परीक्षा आटोपलेल्या असतात आणि हवा थंड असते. भट्ट्यांचा हंगामही नेमका हाच. म्हणजे तुम्ही वाडीवर पोहोचाल तेव्हा अर्ध्या घरांची दारं लावलेली असू शकतात. ज्याचं घर तुम्ही बांधणार, तो कदाचित तिसऱ्याच कुणाच्या घराच्या विटा पाडतो आहे. वाडीवर एक म्हातारी असेल, एखादा नातू असेल, दोन कोंबड्या असतील. तुम्ही ‘आपण कुणासाठी आलो’ हे शोधत असाल आणि तो माणूसच तिथे नसेल.

राग येऊ द्या, पण त्याच्यावर स्वार होऊ नका. श्वासाकडे परत या.

आता त्या घराचं माप मनातल्या मनात चालून पाहू. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर किमान २५ चौरस मीटरचं ठरवलेलं आहे, स्वयंपाकाच्या जागेसकट. मनात उभे राहा. पाच मीटर सरळ चाला. काटकोनात वळा. पुन्हा पाच मीटर. आणखी दोन बाजू. झालं घर. त्यात चूल, पेटी, अंथरूण, आजारी माणूस, अभ्यास करणारी मुलगी आणि पावसाळ्याचं सरपण. कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात एका घरामागे दोन लाख रुपये धरले आहेत. आवास योजनेच्या रचनेत आणखी एक गोष्ट आहे, ती मननाला घ्या: घरमालक स्वतःच्या घरावर राबतो, म्हणून रोजगार हमीतून त्याला सुमारे ९० दिवसांची मजुरी देण्याची तरतूद ठेवली गेली. त्याचे ९० दिवस, तुमचे ७. हा आकडा तुम्हाला लहान करण्यासाठी सांगत नाही. तुम्ही कितवे आहात ते कळावं, म्हणून.

आणि जमीन? घराच्या खाली ती असतेच, पण सातबारावर नाव कुणाचं, हा प्रश्न अनेक वाड्यांवर पिढ्या उलटल्या तरी सुटलेला नाही. हे ऐकून वाडीची कीव करण्याआधी तुमच्या कॉलेजच्या इमारतीखाली पाहा. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, उरण, पनवेल तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आपण सगळेच कुणाच्या तरी शेतावर राहतो. उद्या घमेलं उचलताना हे आठवलं, तर उपकाराची भाषा तोंडात येणार नाही.

आता थोडं बेलापूरला जाऊ. स्टेशनपासून फार दूर नाही. चार्ल्स कोरिया काही वर्षं सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. पुढे ऐंशीच्या दशकात त्यांनी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, ज्याला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात, साधी घरं उभी केली. सात घरांच्या मध्ये एक अंगण. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी जोडलेली नाही, म्हणजे पैसे आले, सून आली की ज्याने त्याने आपलं घर आपल्या मर्जीने वाढवावं. कोरियांची त्यातली बरीच मूळ घरं आता राहिली नाहीत. लोकांनी ती पाडून मोठी बांधली. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हळहळ वाटते. पण घर राहणाऱ्याचं आहे, हे जर कोरियांना सांगायचं होतं, तर राहणाऱ्यांनी ते अगदी अक्षरशः ऐकलं.

पुन्हा वाडीवर या. सकाळ झाली आहे. विटा पाण्यात भिजवल्या आहेत. तुम्ही रांगेत उभे आहात आणि वीट हातोहात पुढे सरकते आहे. डावीकडून आली, उजवीकडे गेली. तिला धरून ठेवता येत नाही, कारण पुढची येते आहे. काही वेळाने बोलणं थांबतं. घेणं आणि देणं एकाच हालचालीत होऊ लागतं. शिबिरात मन शांत व्हायचा क्षण असेल तर तो बहुधा इथे येतो, बौद्धिकात नाही.

रांगेच्या टोकाला गवंडी आहे. माल पसरतो, वीट बसवतो, थापीच्या दांड्याने एक ठोका देतो, दोरी पाहतो, ओळंबा सोडतो. थोड्या वेळाने तो तुमच्या हाती थापी देईल. तुम्ही एक थर रचाल, फोटो निघेल. संध्याकाळी तुम्ही गेल्यावर तो ओळंबा लावून पाहील आणि तुमचा थर उतरवून पुन्हा रचेलही. सकाळी कुणी काही बोलणार नाही. हे घडलं असं समजा आणि आत काय हलतं ते पाहा. तो सुरुवातीचा अभिमान आठवतो? इथे भेटला तो पुन्हा. भिंत सरळ राहिली, हे त्याच्यापेक्षा मोठं आहे, असं मनापासून वाटेपर्यंत इथेच थांबा.

वीट म्हटली की आपल्याला पंढरपूर आठवणारच. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, दारात देव आला, त्याने हातातलं काम सोडलं नाही, मागे वीट सरकवली आणि म्हणाला, थांब. सेवेचा विषय निघाला की आपण स्वतःला पुंडलिकाच्या जागी बसवतो. आज जागा बदलून पाहा. वाडीवरच्या त्या म्हातारीला चूल पेटवायची आहे, नातवाला खाऊ घालायचं आहे, विहिरीवरून पाणी आणायचं आहे. तिचं काम तुमच्या आधीपासून चालू आहे आणि तुमच्यानंतरही चालणार आहे. दारात आलेले पाहुणे तुम्ही आहात. तुमच्यासाठी ती काम थांबवणार नाही, आणि थांबवू नये. तिने तुम्हाला एक वीट दिली आहे. तिच्यावर नीट उभं राहणं, एवढंच तुमच्याकडे आहे.

आणि पाहुणा कितीही मोठा असो, त्याचा आठवडा संपतो. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीच्या परिसरात हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेने आठवडाभरात १०० घरं उभारायला घेतली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. देशोदेशीच्या स्वयंसेवकांबरोबर तेही कामाला लागले होते. आठवडा झाला आणि पाहुणे गेले.

म्हणून शेवटी सातव्या दिवसाचं मनन. समारोप झाला आहे. आभार मानून झाले आहेत. त्या सकाळी रचलेला थर अजून ओला आहे. सिमेंटच्या मालात बांधलेल्या भिंतीला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, दिवसातून दोन-तीन वेळा. नाहीतर सांधे भुसभुशीत राहतात. पाणी विहिरीवरचं, बादली डोक्यावरची. घरधनी भट्टीवर आहे आणि म्हातारीचे गुडघे दुखतात.

डोळे उघडा. भिंतीपासून पाठ सोडवा. मागे वळून त्या भिंतीला एकदा हात लावा. तिलाही कुणीतरी पाणी मारलं होतं.

उद्या वाडीवर पोहोचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की, आम्ही गेल्यावर पाणी कोण मारणार? उत्तर नीट मिळालं नाही, तर शिबिर संपल्यानंतरच्या आठवड्यात दोघा-दोघांनी पाळ्या लावा, पनवेलहून एसटी पकडा, बादली उचला आणि संध्याकाळी परत या. आणि त्या तासांची नोंद एनएसएसच्या डायरीत करू नका.