वेल्क्रोचा आवाज

कोवलम म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर केरळ येतं. मी म्हणते ते कोवलम चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवर चाळीसेक किलोमीटरवर आहे. मूळचं मासेमारांचं गाव, आता सर्फिंगवाल्यांचंही. माझी भाची तिथून जवळच, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका कंपनीत नोकरी करते. तिची लेक नऊ महिन्यांची असताना एका रविवारी आम्ही किनाऱ्यावर गेलो. वाळूत सोडायचं म्हणून मी पोरीच्या बुटाचा पट्टा ओढला. फर्र. भाची पांढरीफटक पडली.

तो वेल्क्रो होता. सीझरच्या टेबलावर तिचे दोन्ही हात तसल्याच पट्ट्यांनी बांधले होते. कशासाठी, ते कुणी सांगितलं नव्हतं. भूल पुरती चढली नाही असं ती सांगत होती आणि पडद्यापलीकडे कुणीतरी ‘मॅडम, नुसता दाब जाणवतो’ म्हणून कामाला लागलं होतं. बाळ सुखरूप, बाळंतीण सुखरूप. पेढे वाटले गेले. तेव्हापासून ती त्या इस्पितळाचा रस्ता टाळते, त्यासाठी तीन किलोमीटरचा वळसा घालते.

गेल्या वर्षी एका ज्येष्ठ समाजचिंतकांनी (नाव घेत नाही, त्यांची जाहिरात मी का करू?) लिहिलं की, बाळंतपणाचा ‘ट्रॉमा’ हे सुखवस्तू घरांतलं नवं फॅड आहे. सैनिकांचा आजार बायकांनी उसना घेतला. आपल्या आज्या बांधावर बाळंत व्हायच्या, विळ्याने नाळ कापायच्या आणि दुपारी पुन्हा खुरपायला बसायच्या. ही आजी मला प्रत्येक वादात भेटते. माझ्या स्वतःच्या दोन्ही आज्या मात्र अंधाऱ्या खोलीत, बाजेखाली शेगडी ठेवून बाळंत झाल्या. आणि ज्या बांधावर दगावल्या, त्यांची बाजू मांडायला नातवंडं उरली नाहीत.

गंमत अशी की चिंतकांचा युक्तिवाद अस्सल अमेरिकन आहे. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा आजार, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार (पीटीएसडी), 1980 साली दाखल झाला तो एका अटीवर: घटना माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडची हवी. युद्ध चालेल, बलात्कार चालेल. बाळंतपण मात्र रोजचंच, तेव्हा ते बसेना. ‘सगळ्याच बायका बाळंत होतात’ हे आमच्या शेजारणीचं वाक्य त्यांनी वैद्यकीय भाषेत छापलं होतं, एवढंच. 1994 च्या आवृत्तीत ती अट गेली आणि जिवाला धोका वाटणं, भीती, असहायता यांकडे पाहिलं जाऊ लागलं. परदेशी फॅड झुगारायला निघालेले आमचे चिंतक परदेशाच्याच जुन्या आवृत्तीवर अडकले आहेत.

आपल्या भाषेला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. ‘बाळंतपणात भ्याली’, ‘दचकून उठते’, ‘बाहेरचं लागलंय’ ही वाक्यं कुठल्या सुखवस्तू घरांत जन्मली? बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, हे तर आपण कौतुकाने म्हणतो. पुनर्जन्माआधी काय घडावं लागतं, ते विचारत नाही.

आता आनंदीबाई जोशी. त्यांच्यापाशी मी जरा जास्त थांबणार आहे. 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण. मुलगा दहा दिवसांत गेला. शाळेतला निबंध असो की सिनेमा, हे दहा दिवस प्रस्तावनेत येतात: ‘या घटनेने त्यांच्या मनात डॉक्टर होण्याची जिद्द निर्माण झाली.’ म्हणजे बाळ गेलं ते जणू आपल्याला पहिली डॉक्टरीण मिळावी म्हणून. चौदा वर्षांच्या मुलीचं अंग, ओला पान्हा, रिकामी मांडी, यावर एक परिच्छेदही नाही. 1886 साली फिलाडेल्फियात त्यांनी एम.डी. साठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. डोळे, हाडं, ताप असे किती विषय होते! पण बाई जिथे दुखावली होती तिथेच परत गेली. आठवणी टाळणं हे या आजाराचं लक्षण मानतात, आनंदीबाईंनी तर उलट केलं. त्यांना हा आजार होता असं मी म्हणत नाही, मेलेल्या माणसांची निदानं करणं हा आळशी उद्योग आहे. माझी तक्रार चरित्रकारांशी आहे. पुढच्याच वर्षी, बाविसावं सरण्याआधी त्या क्षयाने गेल्या, आणि आपण दोन्ही मरणांची प्रेरणा करून टाकली.

इथवर लिहून झालं होतं, आणि मग मी ॲलन यंग यांचं 1995 चं पुस्तक पुन्हा काढलं. हे मानववंशशास्त्रज्ञ सांगतात की हा आजार सनातन नाही. दवाखाने, प्रश्नावल्या आणि व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची भांडणं यांतून तो घडत गेला. दुःख खरं, पण त्याचा साचा त्या काळाचा. वाचून माझा आवेश उतरला. साऱ्या आज्यांना मरणोत्तर निदान वाटायला निघालेली मी, चिंतकांसारखंच त्यांना वापरत होते.

दुसरी शंका त्याहून बोचरी. निदान होतं ते भाचीचं. हात बांधले, ओरडणं ऐकलं नाही, त्या खोलीचं निदान कोण करणार? ‘नवऱ्याकडे जाताना नाही ओरडलीस’ हे प्रसूतिकक्षातलं वाक्य आपल्याकडे इतक्या जणींनी ऐकलंय की त्याला रोगजंतूच म्हणावं. प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाने वागवणं आहे, सोबतीण आहे, आडोसा आहे. पण मोजणी होते ती वेगळ्याच गोष्टींची. तामिळनाडूत 99.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात, एकूण बाळंतपणांतली 44.9 टक्के सीझर, महाराष्ट्रात 94.7 आणि 25.4. हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले आकडे. बाई जगली हे त्यात कळतं आणि ती मोठीच गोष्ट आहे, मी ते कमी लेखत नाही. कशी जगली याला रकाना नाही. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज शंभरात चार जणींना हा आजार होतो असं सांगते. गुंतागुंतीच्या बाळंतपणात प्रमाण कैकपट वाढतं.

तेव्हा मी भाचीला म्हटलं, तू आजारी नाहीस, तुझ्यावर अन्याय झालाय. आधी तक्रार कर.

ती म्हणाली, “मावशी, तक्रारीत सगळं लिहावं लागतं. दुसऱ्या ओळीला माझा हात थरथरतो. आधी मला झोप लागू दे.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या डॉक्टरांनी सुरुवातीला एडिंबराची दहा प्रश्नांची पट्टी लावली होती. ती मुख्यतः उदासी हुडकते. ही उदास नव्हतीच, ही पहाऱ्यावर होती. सगळं ठीक म्हणून परत पाठवली. पुढे एका समुपदेशक बाईंनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा, ती म्हणते, पहिल्यांदा वाटलं की आपण वाईट आई नाही. यंग यांच्या पुस्तकातून हा दिलासा मला देता आला नसता.

कोवलम भागात ‘द बनियन’ ही संस्था मनोरुग्ण बायकांसोबत काम करते. चेन्नईत 1993 साली दोन तरुणींनी, वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी, ती उभी केली. वॉर्डातून बाहेर काढून साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांत बायकांना राहू द्यायचं, हा त्यांचा एक प्रयोग. भाचीचा आजार वेगळा, तिचा तिथे संबंध नाही. पण बरं व्हायला स्वयंपाकघर आणि शेजार लागतो हे कुणाला तरी सुचलं, याचं मला त्या किनाऱ्यावर बरं वाटलं.

आता तिचे उपचार चालू आहेत. दर गुरुवारी ती टेबलावरची तीच वीस मिनिटं सांगते, दर वेळी थोडी पुढे जाते. परवा व्हिडिओ कॉलवर पोरगी नव्या बुटांत धडपडत उभी राहत होती. बुटांना नाडी होती. भाचीने एका हाताने फोन धरून ती बांधायचा प्रयत्न केला, जमेना. मग फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि दोन्ही हातांनी गाठ मारली.